मेणबत्तीआडचे चाळीस सेकंद

आमच्या चर्चचा टीव्हीवरचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आज एक गुपित सांगून टाकतो. पाळकसाहेबांचं प्रवचन रंगात आलं, की मधेच वेदीवरची जळती मेणबत्ती पडद्यावर यायची, आठवतं? लोक मला म्हणायचे, "साळवेदादा, काय सुंदर टाकता हो ती मेणबत्ती! मन कसं एकाग्र होतं." मी नम्रपणे मान हलवायचो. एकाग्रतेचा आणि त्या मेणबत्तीचा काडीचाही संबंध नव्हता. मेणबत्ती दिसली, की समजावं, इथे साळवेने काहीतरी कापलं आहे.

मी मूळचा लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस. नेरूळला माझं छोटं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे पडद्याआड दोन व्हीसीआर, दोन टीव्ही आणि एक मिक्सर. आठवडाभर हळदी, साखरपुडे, बारशी, रविवारी चर्च. आता कामोठ्याला मुलीजवळ राहतो, गुडघे बोलतात. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला दिसला की अजूनही पाठ आपोआप ताठ होते.

यंदा आमच्या मंडळीच्या वर्धापनदिनाची पुस्तिका निघाली. मंडळी म्हणजे आमच्या चर्चचे सगळे सभासद. त्या पुस्तिकेत माझ्या फोटोखाली छापलं आहे, 'आपल्या दूरचित्रवाणी सेवेचे जनक'. ते वाचून मला घाम फुटला. त्या सेवेचा जनक मी नव्हे. आणि त्या सेवेत घडलेली सर्वांत वाईट गोष्ट मात्र शंभर टक्के माझी आहे. या नाताळ अंकाच्या संपादकांनी 'जुन्या आठवणी लिहा' म्हटल्याबरोबर मी हो म्हणालो, ते एवढ्यासाठीच.

टीव्हीशी आमचा पहिला संबंध सरकारी टीव्हीमुळे आला. नाताळाच्या सुमारास ख्रिस्ती गीतांचा एक कार्यक्रम असायचा आणि निरनिराळ्या चर्चच्या गायकांना आलटून पालटून बोलावणं यायचं. आमची पाळी आली तेव्हा दोन महिने तालमी झाल्या. स्टुडिओत मेकअपवाला पाळकसाहेबांच्या टकलावर पावडर थापायला लागला. पाळकसाहेब म्हणाले, "अहो, देवाने जे उघडं ठेवलंय, ते तुम्ही कशाला झाकता?"

"देवाला चालतं साहेब," तो म्हणाला, "लाइटला चालत नाही."

मी शेवटच्या रांगेत गात होतो, म्हणजे ओठ हलवत होतो. माझं सगळं लक्ष त्या चाकांवर सरकणाऱ्या कॅमेऱ्यांकडे. एक माणूस काचेमागून बोट उचलत होता आणि त्या बोटासरशी चित्र बदलत होतं! घरी येताना बसमध्ये सगळे आपण कसे गायलो यावर बोलत होते आणि मी मनातल्या मनात त्या माणसाचं बोट उचलत होतो. पण वर्षातून एकदा, जेमतेम चार मिनिटं. एवढ्यावर कुणाचं पोट भरतं?

मग केबल आली, आणि केबलबरोबर नजीरभाई आले.

नजीरभाई पनवेलकडच्या खाडीकाठच्या गावातले, कोकणी मुसलमान. आमच्या भागातल्या बहुतेक इमारतींच्या गच्च्यांवरून त्यांच्याच वायरी गेलेल्या. तळमजल्यावरच्या एका खोलीत त्यांची कंट्रोल रूम होती. एक टेबल, तीन व्हीसीआर आणि एक पंखा. पंखा व्हीसीआरसाठी, माणसांनी आपापलं बघायचं. एकदा माझ्या दुकानातल्या टीव्हीवर मुंग्या दिसत होत्या म्हणून तक्रार घेऊन गेलो. बोलता बोलता मी चर्चचं शूटिंग करतो हे निघालं.

"मंग बरा झाला," नजीरभाई म्हणाले. "रविवारी साडेपाच ते सहा माझेजवल काय लावायला नसतं. तोच तो पिक्चर लावला की लोक शिव्या देतात. तुमच्या चर्चचा टेप दे मना. अर्धा तास. एक मिनिट जास्ती नाय, हां. सहाला पिक्चर लागला नाय तर पब्लिक मला खाईल."

मी विचारलं, "चालेल तुम्हाला? चर्चचा कार्यक्रम?"

"का, तुमचा देव वायर खराब करतो का?"

झालं! आमच्या चर्चची दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली ती ही अशी. कल्पना त्यांची, वेळ त्यांची, वायर त्यांची. पुस्तिकेत छापायचंच असेल, तर जनक म्हणून त्यांचा फोटो छापा.

पहिल्या रविवारी साडेपाचला मी, पाळकसाहेब आणि निम्मी मंडळी माझ्या दुकानाबाहेर उभी. टीव्हीवर आमचं चर्च आलं, आमचा पेटीवाला आला, आमची गीतं आली, तेव्हा लोक अक्षरशः ओरडले. दोनशे पावलांवर तेच चर्च उभं होतं, जाऊन हात लावता आला असता; पण टीव्हीत दिसल्यावर ते जणू नव्यानेच खरं झालं.

बाहेरच्यांसाठी हे काम कसं चालायचं ते सांगतो. तेव्हा संगणक नव्हता. रविवारी उपासनेचं शूटिंग झालं, की मी टेप घेऊन दुकानाकडे पळायचो. एका व्हीसीआरवर मूळ टेप चालवायची आणि हवा तेवढाच भाग दुसऱ्यावर उतरवायचा. असे तुकडे एकापुढे एक लावत जायचं. पण बोलणाऱ्या माणसाचं मधलं वाक्य काढलं, की चित्रात उडी बसते. त्याचं डोकं डावीकडे असतं, ते एकदम उजवीकडे येतं. ती उडी झाकायला सांध्यावर दुसरंच चित्र टाकायचं. आवाज चालू, वर चित्र वेगळं. लग्नात मी समई टाकायचो. चर्चसाठी मी एकदा मेणबत्ती पेटवून ती संपेपर्यंत शूट करून ठेवली होती. लागेल तेव्हा त्यातला तुकडा घ्यायचा. कुणाला खोकला आला, मेणबत्ती. पाळकसाहेब ओळ विसरले, मेणबत्ती. दोन वाजता उपासना संपली आणि सव्वापाचला मी स्कूटरवर टेप घेऊन निघालो, असे किती रविवार झाले असतील! जेवण कधी, तर सहानंतर. पण त्या तीन तासांत जी झिंग असायची, ती मला आयुष्यात दुसऱ्या कशात मिळाली नाही.

घोटाळे तर विचारू नका. एका रविवारी घाईत मी टेपांचे खोके बदलले. साडेपाचला नवी मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी भक्तिभावाने टीव्ही लावले, आणि समोर कोळीवाड्यातली हळद! नवरीच्या आत्या नाचतायत, बँड वाजतोय. नजीरभाई नेहमीप्रमाणे टेप लावून गच्चीवर वायर बघायला गेलेले. सहा मिनिटं हळद चालली. तिकडे नवरीच्या घरी पाव्हणे जमवून जी कॅसेट लावली, तीत आमचं प्रवचन. दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील दुकानात आले. मी हात जोडले. ते म्हणाले, "पोरीचा लगीन कय दिसला नाय. पन तुमचा बाबा बोलला बराबर. आमचे म्हातारीनी पुरा बघला." आणि पाळकसाहेब पुढचा महिनाभर मला विचारायचे, "काय साळवे, चर्चला हळद लागली म्हणे? वाजंत्री चांगली होती."

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक मारुतीराव होते. गोणी उचलायचं काम. दर सोमवारी चर्चच्या कचेरीत त्यांचा फोन. "साहेब, आपण काय ख्रिश्चन नाय. पण ते ढोलकीवालं गाणं परत लावा ना. आमचा पूर्ण गाळा बघतो." आमच्या उपासनेत जुनी मराठी भजनं पेटी-ढोलकीवर म्हणतात, त्यातलं ते. पाळकसाहेबांनी दोनदा लावायला लावलं. नाताळाला चर्चच्या दारात कांद्याची एक भली मोठी गोण येऊन पडली, वर चिठ्ठी, 'ढोलकीवाल्यास'.

असे ते दिवस. आता सुशीलाबाईंकडे येतो. इतका वेळ हसत होतो, कारण इथे यायला मला अजूनही जड जातं.

सुशीलाबाई आमच्याच मंडळीतल्या, नगरकडच्या, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा आशिष. नजीरभाईंच्या केबल खोलीच्या वरच्याच मजल्यावर त्या राहायच्या. आशिष कॉलेजात असताना महामार्गावर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. रक्त निगेटिव्ह गटाचं, मिळेना. नजीरभाईंचं रक्त त्याच गटाचं निघालं. त्यांनी दिलं, आणि पोरगं शुद्धीवर येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावरून हलले नाहीत. त्यांच्या आई, फातिमाबी, रोज घरून पेज घेऊन यायच्या आणि सुशीलाबाईंना स्वतःच्या हाताने भरवायच्या. आशिष वाचला.

चर्चमध्ये अशा वेळी साक्ष देतात. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. आमच्या कार्यक्रमात साक्षीला चार मिनिटं असायची आणि सर्वांत जास्त तीच पाहिली जायची. सुशीलाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. मी कॅमेऱ्यामागे. त्यांचे शब्द मला पाठ आहेत, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा मागे-पुढे केले होते.

त्या म्हणाल्या, "देवानं माझं लेकरू मला परत दिलं. पण देवानं ते नजीरभाईंच्या हातानं दिलं. त्यांचं रक्त आज माझ्या पोराच्या अंगात आहे. आणि त्यांच्या आईनं, फातिमाबीनं, मला चमच्यानं पेज भरवली, नाहीतर मीच राहिले नसते. त्या दोघांचं नाव घेतल्याशिवाय मी या साक्षीला आमेन म्हणणार नाही. नजीरभाई. फातिमाबी. आमेन."

उपासनेनंतर त्या तशाच उठून फातिमाबींकडे गेल्या आणि सांगून आल्या, "संध्याकाळी टीव्ही लावा. तुमचं नाव घेतलंय मी."

इकडे मी दुकानात टेप मोजतो, तर कार्यक्रम चाळीस सेकंदांनी लांब. नजीरभाईंचा दंडक, एक मिनिट जास्ती नाही. काय कापू? गीताचं एक कडवं कापता आलं असतं. पण ते गाणारे चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतले, कोण त्यांच्या तोंडी लागणार? प्रवचन कापता आलं असतं. मी साक्षीवर आलो, आणि तिथे मला मागच्या आठवड्यात कानावर पडलेलं आठवलं. कमिटीतलं कुणीसं म्हणालं होतं, "हल्ली साक्षीत देवाचं नाव कमी आणि माणसांचीच जास्त." मला उद्देशूनही ते म्हटलेलं नव्हतं. मला कुणी काही कापायला सांगितलं नाही. पाळकसाहेबांना कल्पनासुद्धा नव्हती. माझं मीच ठरवलं की हे चाळीस सेकंद कुणाला तरी खुपतील. 'देवानं माझं लेकरू मला परत दिलं', इथे थांबवलं. पुढचं सगळं सोडलं. शेवटचं 'आमेन' तेवढं उचललं आणि चिकटवलं. वर मेणबत्ती.

त्यांनी ज्या अटीवर आमेन म्हटलं होतं, ती अट काढून घेऊन मी नुसतं आमेन ठेवलं.

मनात म्हटलं, नजीरभाई कुठे बघतात आपला कार्यक्रम? ते तर गच्चीवर असतात.

सव्वापाचला टेप घेऊन गेलो तर कंट्रोल रूममध्ये नजीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. शेजारी खुर्चीवर फातिमाबी, नवी ओढणी डोक्यावर. दोन भाच्या. खाली सतरंजी. "ये साळवे, बस," ते म्हणाले. "आज आई टीव्हीवर येनार. फोटो नाय, पन नाव तरी."

माझ्या हातात टेप होती. तेव्हाही सांगता आलं असतं. मी टेप दिली आणि बसलो.

साक्ष आली. सुरुवातीलाच सुशीलाबाईंना हुंदका आला होता, तिथे मी एक मेणबत्ती टाकली होती, ती गेली. मग ते वाक्य, "देवानं माझं लेकरू मला परत दिलं." दुसरी मेणबत्ती. "आमेन." आणि गीत सुरू.

फातिमाबी पडद्याकडेच बघत राहिल्या. गीत संपलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "माझा नाव कवा येल?"

मी म्हणालो, "टेप बिघडली असेल तिथे. कधी कधी होतं."

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "हां," ते म्हणाले, "टेपच असंल. चाय घे."

सोमवारी सुशीलाबाई दुकानात आल्या. "दादा, माझं बोलणं कुठं गेलं?"

"टेप खराब झाली, ताई."

"मग परत बोलते की मी! लावा कॅमेरा. आत्ता बोलते."

"पुढच्या महिन्यात घेऊ," मी म्हणालो. त्यांनी पुढच्या महिन्यात विचारलं, त्याच्या पुढच्या महिन्यात विचारलं, मग विचारणं सोडलं. त्या पहिल्या सोमवारीच त्या दुकानातून तशाच फातिमाबींकडे जाऊन सांगून आल्या, टेप खराब झाली म्हणून. माझं खोटं त्या बाईने खरं समजून स्वतःच्या तोंडाने पोचवलं. पुन्हा कधी त्या साक्षीला उभ्या राहिल्या नाहीत. चार-पाच वर्षांनी फातिमाबी गेल्या.

कार्यक्रम मात्र चालूच राहिला, आणि नजीरभाईंनी एकही रविवार चुकवला नाही. पुढे मोठ्या वाहिन्या आल्या. आमच्या चर्चने पहाटेचा अर्धा तास घेऊन पाहिला, पण पाहणार कोण? मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, नजीरभाईंच्या वायरी उतरल्या. मग टाळेबंदी आली आणि आमच्या आताच्या पाळकबाई, निर्मलाताई, रिकाम्या चर्चमध्ये मोबाइलसमोर उभ्या राहून उपासना घेऊ लागल्या. मोबाइल बाकाला कसा बांधायचा हे मी त्यांना फोनवरून शिकवलं. इंटरनेटवर थेट प्रक्षेपण! मी कामोठ्याच्या घरात बसून बघत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. चुकलं तर चुकलेलं दिसतं, खोकला आला तर ऐकू येतो. तिथे मेणबत्ती टाकायची सोयच नाही. माझ्या मनात आलं, हे तेव्हा असतं तर!

यंदा निर्मलाताईंचा फोन आला. "दादा, आपल्या टीव्ही सेवेवर एक छोटी फिल्म करा ना. बारा मिनिटांची. वर्धापनदिनाच्या उपासनेत थेट दाखवू. आणि तुमचा सत्कार."

फोन ठेवला आणि मी सरळ कपाटाकडे गेलो. खालच्या कप्प्यात, चादरींच्या मागे, एक टेप होती. कापलेली नव्हे, मूळ. टेपा पुन्हा वापरायची आमची पद्धत. एकावर दुसरं शूटिंग करायचं. पण या टेपच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मी त्याच सोमवारी मोडून टाकली होती. ती मोडली, की त्या टेपवर पुन्हा काही उतरत नाही. सांगायचं धैर्य नव्हतं, पण पुसायचंही नव्हतं. तीन घरं बदलली, ती टेप बरोबर आली.

टेपवर पांढरी बुरशी आलेली. पनवेलच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडून व्हीसीआर मिळवला, त्याचे रबरी पट्टे बदलून घेतले. दोन दिवस टेप हाताने फिरवत मऊ फडक्याने पुसली. मुलगी म्हणाली, "बाबा, सोन्याची आहे का ती?" सकाळी दहाला टेप आत घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर नुसत्या रेघा. चित्र वर जातंय, खाली जातंय. आणि एकदम, त्या रेघांच्या मागून, स्वच्छ आवाज: "पण देवानं ते नजीरभाईंच्या हातानं दिलं..."

आवाजाची पट्टी टेपच्या कडेला वेगळी असते. चित्र अर्धं गेलं होतं. आवाजाला धक्का लागला नव्हता. मी उभा राहून ओरडलोच, "आहे! आहे!"

दुसऱ्या दिवशी सीवूड्सला आशिषच्या घरी गेलो. सुशीलाबाई आता ऐंशीच्या घरात, पण नजर शिक्षिकेचीच. मी लॅपटॉप उघडण्याआधी सगळं सांगितलं. टेप चांगली होती. मी कापली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या माउलीला मी तोंड वर करून खोटं सांगून आले."

"तुम्ही नाही, मी."

"आणि दादा, माझं आमेन? ते कुठून आणलंत तुम्ही?"

मी मान खाली घातली. त्या उठल्या, काठी घेतली. "आशिष, गाडी काढ. दादा, माझी माफी नंतर मागा. आधी त्यांच्याकडे."

नजीरभाई गावच्या घरी पडवीत बसले होते. कानाला यंत्र, बाकी तसेच. आशिष दर ईदला येतो, त्यामुळे आधी त्याची चौकशी, मग सुशीलाबाईंना खुर्ची, मग मला, "काय रे साळवे, आज कुठली टेप आनलीस?"

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. थरथरतं चित्र, आणि तो आवाज. "नजीरभाई. फातिमाबी. आमेन." त्यांनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

मी म्हणालो, "नजीरभाई, टेप बिघडली नव्हती. मी..."

"मना तवाच कलला होता."

"काय?"

"अरे, मी केबलवाला. टेप खराब असली तर रेघा येतात, मुंग्या येतात. मेनबत्ती कवा येते काय?" ते हसायलाच लागले. "आनि तुझी पहिली मेनबत्ती बोटभर होती. दोन मिनिटांनी दुसरी आली ती वीतभर! जलता जलता मेनबत्ती वाढते, हा तुझेच चर्चमदी बघला."

माझ्या लक्षात आलं. घाईत मी त्या लांबलचक शूटिंगमधला शेवटचा तुकडा आधी टाकला होता आणि सुरुवातीचा नंतर. इतकी वर्षं मला स्वतःला ते दिसलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत? आमचा कार्यक्रम बंद का नाही केलात?"

"आई बोलली, बाई खोटा बोलनार नाय, टेपच खराब असंल. मंग मी पन तेच बोललो. तुझा खोटा आईसाठी मीच चालवला. बंद कसा करनार? दर रविवारी बघायला बसायची ती, कदी तरी परत लावतील म्हणून. आनि आमची पैज लागायची. आज साळवे किती मेनबत्त्या लावतो. हरला त्यानी चाय करायचा. आई नेहमी जिंकायची."

सुशीलाबाई तोंडाला पदर लावून रडत होत्या, आणि रडता रडता हसत होत्या. मी नजीरभाईंचे हात धरले. माफी मागितली. ते म्हणाले, "मना नको सांगू. जिथं कापलास तिथं जोड."

घरी येऊन फिल्मवर बसलो. नजीरभाईंचं नाव सर्वांत पहिलं. मग स्टुडिओ, हळद, ढोलकी, टाळेबंदी. आणि साक्ष, अखंड, रेघांसकट, शेवटच्या आमेनपर्यंत. सगळं जोडलं तर फिल्म बारा मिनिटं चाळीस सेकंद! मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. निर्मलाताई म्हणाल्या, "दादा, बाराच्या आत बसवा हो, पुढे लगेच थेट प्रार्थना आहे."

या वेळी काय कापायचं ते शोधायला मला वेळ लागला नाही. निर्मलाताईंनी फिल्मसाठी माझी मुलाखत घेतली होती. तिच्यात मी कॅमेऱ्यासमोर छाती काढून सांगतो, सुरुवातीला किती कष्ट पडले, मी कसं उभं केलं. ते काढलं.

"अहो, तुम्ही स्वतःलाच काढलंत?" निर्मलाताई म्हणाल्या. "आणि दादा, इथे झटका बसतोय चित्राला. तुमची ती मेणबत्ती टाका ना."

"नको," मी म्हणालो. "कापलंय ते दिसू दे."

सत्काराची शालही नको म्हणून सांगितलं, ती नजीरभाईंकडे पाठवली. रविवारी उपासनेत आणि इंटरनेटवर एकाच वेळी फिल्म दाखवली. संपल्या संपल्या माझा फोन वाजला. पलीकडे नजीरभाई.

"साळवे, बारा मिनिटांत एकपन मेनबत्ती नाय?"

"नाही, नजीरभाई."

"मंग मी हरलो. मी दोन बोललो होतो." मागे कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. "सुशीलाबाई इथंच हाय, आईचे खुर्चीवर. ती बोलली, आज एकपन नसंल. थांब, ठेवतो. चाय करायचा हाय मना."